मागच्या खोलीतले एकवीस दिवस

मुलांनो,

गेल्या रविवारी तुम्ही फोनवर मला तुमचं नवीन कुत्रं दाखवलंत. ते कुठल्या जातीचं असं मी विचारल्यावर धाकटी म्हणाली, मिक्स आहे, कशाकशाचं ते कुणालाच माहीत नाही. मग थोरल्याने विचारलं, आजी, तुमच्याकडे कधी कुत्रं होतं का? मी "होतं" म्हणाले आणि जेवायला वाढायचंय असं सांगून फोन ठेवला. वाढायचं वगैरे काही नव्हतं. आमच्याकडे जवळजवळ तीस वर्षं कुत्री होती, आणि त्यांच्यात कशाकशाचं मिश्रण आहे हे लिहून ठेवणारी घरात मी एकटीच होते. हे फोनवर सांगता येईना, म्हणून लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं आणि मलाही जड नव्हतं. पण यातलं कुणीच इंग्रजी बोलत नव्हतं. अडलं तर बाबाला विचारा. अर्थात त्यालाही यातलं बरंचसं ठाऊक नाही.

मी कोल्हापूर शहरातली. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, इंग्रजी घेऊन बी. ए. झाले आणि लग्न होऊन मुरगूडजवळच्या एका गावात आले. तुमचे आजोबा साखर कारखान्यात नोकरीला होते, शेती त्यांचे वडील बघत. सासऱ्यांना आम्ही सुना मामंजी म्हणायचो. मामंजींना तंबाखूखेरीज एकच नाद होता, सशाच्या शिकारीची कुत्री पैदा करण्याचा. ससा मारायला तेव्हाही कायद्याने बंदी होती. ते घरात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कुणी बोलत नसे. मीही बोलले नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आपल्याकडे कारवान नावाची शिकारी जात आहे. उंच, सडपातळ, लांब तोंडाची. सरळ धावण्यात त्या कुत्र्याचा हात कुणी धरणार नाही. पण ससा सरळ धावत नाही, आणि आमचा माळ मुरमाड, बाभळीच्या काट्यांचा. निव्वळ कारवानाचे पंजे दोन शिकारीत सोलून निघायचे. धनगराचं कुत्रं पळायला मंद, पण त्याच्या पंजाला काटा लागत नाही, आणि मेंढरू कुठे वळणार हे त्याला मेंढराआधी कळतं. मामंजींना बारा आणे कारवान आणि चार आणे धनगरी असं कुत्रं हवं असायचं. आठ आणे धनगरी झालं की जड होतं, दोन आणे राहिलं की पंजे जातात, असं ते म्हणत. पिल्लू ते कधी विकत नसत. निपाणीपासून पावणे यायचे, नारळ आणि पान-सुपारी घेऊन, आणि मुलगी मागावी तसं पिल्लू मागायचे. द्यायचं तर एका अटीवर: पुढे त्याच्या वंशातलं एक पिल्लू या दाराशी परत आणून द्यायचं. त्यामुळे कुठलं कुणाकडे गेलं आणि त्याचे आईबाप कोण, हे लिहून ठेवायला माणूस लागत होता. मी आले आणि तो माणूस मिळाला. मी वही आखून घेतली, इंग्रजीत रकाने पाडले. मला तसं करायला आवडायचं. ते माझ्या अंगाशी येईल हे तेव्हा कळलं नाही.

कारण वहीबरोबर किल्लीही माझ्याकडे आली. कुत्री माजावर आली की एकवीस दिवस तिला मागच्या खोलीत कोंडायचं. त्या दिवसांत गावातला प्रत्येक कुत्रा आमच्या घराभोवती असायचा. ते उंबऱ्याखाली उकरायचे, कौलांवर चढायचा प्रयत्न करायचे. अकराव्या आणि तेराव्या दिवशी मामंजींनी ठरवलेला कुत्रा आणायचा, त्याच्यापुढे ती उभी राहिली की काम झालं. पण त्याच्या आधी आणि नंतर दुसरा कुणी आत शिरला तर सगळं वेत फुकट. म्हणून दिवस मोजणारा आणि दाराशी बसणारा माणूस एकच असावा, असा मामंजींचा नियम होता. आत्याबाईंचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे गेलेले. थोरल्या जाऊबाई शेतात. राहता राहिले मी. आल्यागेल्याला मामंजी कौतुकाने सांगत, "शिकल्याली सून हाय. तिच्या हातनं दिस चुकायचा न्हाय."

त्या खोलीला एक खिडकी होती, तीही बंद ठेवावी लागे. मी शिवण घेऊन आत बसायची. कुत्री दाराच्या फटीला नाक लावून पडलेली असायची आणि बाहेर कुणी विव्हळलं की तिच्या अंगावरून थरथर जायची. मी बाहेर गेले की ती दार ओरबाडायची, म्हणून मी फारशी जातच नसे. तीन कुत्र्या होत्या. एकीचं संपून दुसरीचं कधी लागेल ते मी वहीत आधीच लिहून ठेवायची. माहेरी जायचं तर ती वही बघून.

तुमचा बाबा शिकायला पुण्याला गेला, ती नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. तेव्हा मुरगुडात इंग्रजी शाळा निघाली आणि मला बोलावणं आलं. मामंजी नाही म्हणाले नाहीत. "जा की," म्हणाले, "कुत्रीचं तेवढं उरकू दे." उरकेपर्यंत दुसऱ्या बाई रुजू झाल्या. पुढच्या मे महिन्यात त्या बाई सोडून गेल्या आणि मुख्याध्यापिकांनी मला पुन्हा निरोप धाडला. जूनमधल्या सोमवारी शाळा भरणार होती. त्यांनी स्वच्छ सांगितलं, पहिल्या दिवशी हजर नसाल तर जागा राहणार नाही.

मी वही उघडली. सगळ्यांत चांगली कुत्री माजावर यायच्या बेतात होती. रोज सकाळी पांढरं फडकं घेऊन तिला तपासणं माझंच काम. ज्या दिवशी फडक्याला पहिल्यांदा लाल लागलं, त्या दिवसापासून एकवीस मोजले तर गुरुवार येत होता. शाळा आदल्या सोमवारी. चार दिवस कमी पडत होते. मी फडकं धुतलं, बाहेर आले आणि मामंजींना सांगितलं, आज पाचवा दिवस आहे. काल-परवा का बोलली नाहीस असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, खात्री करून घेत होते. वहीतही तसंच लिहिलं. तोवर मी त्या वहीत एक अक्षरही खोटं लिहिलं नव्हतं.

अकराव्या दिवशी कुत्रा आणला, कुत्री उभी राहिना. तेराव्यालाही दात दाखवून फिरली. मामंजी म्हणाले, या डावाला कशी बिघडलीया कुणास ठाऊक. पंधराव्याला उभी राहिली. रविवारी संध्याकाळी माझ्या हिशेबाने एकवीस भरले, मी दार उघडलं आणि सोमवारी सकाळच्या एसटीने शाळेत गेले.

पाचवीचा वर्ग मिळाला. पहिल्या दिवशी मी काय शिकवलं ते आठवत नाही. खिडक्या सगळ्या उघड्या होत्या आणि कुणालाही त्या लावायची गरज वाटत नव्हती, एवढंच आठवतं. संध्याकाळी साडेपाचला घरी पोहोचायची ती बोलत यायची. तुमचे आजोबा म्हणायचे, कॉन्व्हेंट पुन्हा सुरू झालं.

ऑगस्टमध्ये सात पिल्लं झाली. सव्वा महिन्याने निवडीचा दिवस आला. मामंजी अंगणात पोतं अंथरून बसले. ते प्रत्येक पिल्लू उचलून पंजे दाबून बघत, बोटं जुळलेली आहेत का. छातीखाली मूठ धरून तिची खोली मापत. मग शेपूट मागच्या पायांमधून पुढे ओढून कंबरेच्या हाडाला पोहोचते का ते बघत. चार पिल्लं बघून झाली. पाचव्याची शेपूट हातात येईना. ती पाठीवर वळली होती. सहाव्याचीही, सातव्याचीही. वळलेल्या शेपटीचा एक काळा-पांढरा कुत्रा आमच्या गल्लीत होता, तो सगळ्यांना माहीत होता.

जाऊबाई हसायला लागल्या आणि मामंजींचं तोंड बघून थांबल्या. ते बोटांवर दिवस मोजत होते.

"अकराव्याला उभी न्हाय. तेराव्याला न्हाय. पंधराव्याला राह्यली." मग माझ्याकडे बघितलं. "चार दिस खाल्लंस तू."

मी म्हणाले, "सोमवारी शाळा भरणार होती."

"मग मला सांगायचं न्हाय व्हय?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंत?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पिल्लू खाली ठेवलं आणि हात धोतराला पुसले. नंतर म्हणाले, "सरळ शेपटीची चार तरी कुणाची, ते आता कोण सांगणार? मला न्हाय निवडता येत. समदीच ठेव. पळतील तवा कळंल."

एरवी दोन ठेवून बाकीची वाटून टाकायची. कमजोर पिल्लांचं काय व्हायचं ते मी इथे लिहीत नाही. पळायला लागून परीक्षा होईपर्यंत आठ-नऊ महिने जातात. सात पिल्लांना दिवसातून चार वेळा खायला घालायचं, वेगवेगळी बांधायची, फिरवायची. शाळा सोड असं मला कुणीही म्हणालं नाही. जाऊबाईंनी दोन आठवडे केलं. मग पिल्लांना रक्ताची हगवण लागली आणि शनिवारी, मी चाचणी परीक्षेवर असताना, दोन मेली. मी घरी आले तेव्हा मामंजी कुदळ घेऊन परड्यातून येत होते. त्यांनी कुदळ भिंतीला लावली, हात धुतले.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी राजीनामा दिला. मुख्याध्यापिकांनी तो वाचला आणि म्हणाल्या, अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं. माझं चुकलं होतं की नाही याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पिल्लं माझ्या खोटेपणामुळे झाली होती, आणि ती मेली तेव्हा मी तिथे नव्हते. पण तो खोटेपणा करावा लागला, हेही माझ्या मनातून गेलेलं नाही. दोन्ही गोष्टी तशाच शेजारी शेजारी आहेत.

उरलेल्या पाच पिल्लांना मी वाढवलं. उन्हाळ्यात मामंजींनी त्यांना माळावर पळवलं. वळलेल्या शेपटीची दोन अर्ध्या वाटेत जीभ काढून बसली. ती धनगराने मेंढरांमागे नेली. सरळ शेपटीची तीन चांगली निघाली, तरी मामंजींनी त्यांची पुढे पैदास केली नाही. नारळ घेऊन आलेल्या पावण्यांना ते सांगायचे, खात्री न्हाय. बापाचं नाव खात्रीने सांगता येत नाही असं पिल्लू त्यांनी कुणाला दिलं नाही. मी मात्र बाकीच्या दोन कुत्र्यांसाठी पुढची सहा-सात वर्षं त्या खोलीत बसले. किल्ली त्यांनी माझ्याकडून काढून घेतली नाही. काढून घेतील अशी मला आशा होती.

दोन हजार सालानंतर नदीचं पाणी पाइपाने माळावर आलं आणि माळाचा ऊस झाला. उसात कुत्रं पळवता येत नाही. एकदा वनखात्याचा माणूस येऊन चहा घेऊन गेला आणि जाताना हसतच म्हणाला, आता बास करा. मामंजींनी बास केलं. शेवटची कुत्री म्हातारी होऊन गेली, तिच्यानंतर दोन वर्षांनी मामंजी गेले. मी शाळेत पुन्हा चौकशी केली. वयाची मर्यादा उलटून गेली होती.

आता आमच्या घरात कुत्रं नाही, आणि कारवान-धनगरी वंश पुढे कुणी चालवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. शाळा आहे, तिची दुमजली इमारत झाली आहे. जून ते दिवाळी मी ज्यांना शिकवलं, त्यांतले तिघं मुरगुडातच राहतात, एकाचं औषधाचं दुकान आहे. बाजारात दिसले की ते तिघंही मला टीचर म्हणतात.