कडेला कोण उभंय?

माणूस मोठा असला की तो कुठल्याही पडद्यावर मोठाच दिसतो, असं आमचे अध्यक्ष कॉलेजच्या नव्या वेबसाइटच्या पहिल्याच बैठकीत म्हणाले. माझ्या मोबाइलवर उघडलेल्या नमुना पानावर तेव्हा ते फक्त नाकापासून खाली दिसत होते.

"कडेला कोण उभंय?" असं विचारूनच ती मुलगी कुठलाही फोटो बघायला घ्यायची. वाशीच्या एका छोट्या कंपनीने तिला आमच्या खारघरच्या कॉलेजात वेबसाइट करायला पाठवलं होतं. मी मराठी शिकवतो, एवढ्या पात्रतेवर तिच्या मदतीला माझी नेमणूक झाली. पहिल्या दुपारी तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. भाजी कुठली, म्हणून मी वाकून पाहिलं, तर आत चार जुने मोबाइल. एकाची काच तडकलेली.

"सर, लोकांकडे हेच असतात," ती म्हणाली. "टीव्हीएवढा स्क्रीन फक्त तुमच्या केबिनवाल्यांकडे."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती बरोबर असतात, आणि त्यामुळेच बैठकीत कोणाला नको असतात.

मोबाइलला हलका फोटो जाईल आणि कॉम्प्युटरला मोठा, म्हणजे पान पटकन उघडेल, असं तिने समजावलं. अध्यक्ष म्हणाले, "आपल्या संस्थेचा फोटो लहान करून देणार? सगळ्यांना मोठाच द्या." तडकलेल्या मोबाइलवर तो मोठा फोटो उघडेपर्यंत अध्यक्षांचा चहा पिऊन झाला. दोष नेटवर्कला देण्यात आला.

खरं भांडण झालं ते सगळ्या स्टाफच्या फोटोवरून. एका लांबलचक रांगेत सगळे उभे, मधोमध अध्यक्ष आणि अगदी डाव्या टोकाला आमच्या शिपाई मावशी. त्या महिनाअखेर निवृत्त होणार होत्या. इतक्या वर्षांत कॉलेजने त्यांचा काढलेला हा पहिलाच फोटो.

"गावाकडं समदी मोबाइलवरच बघत्यात," मावशी म्हणाल्या. त्यांचं गाव साताऱ्याकडचं. "भईन इचारती, तू खरंच कालेजात हायस, का उगं सांगतीस?"

आडवा फोटो उभ्या मोबाइलवर आला की दोन्ही कडा कापल्या जात. कडा वाचवल्या, तर माणसं मोहरीएवढी होत. "मोबाइलसाठी वेगळा फोटो काढू या," ती म्हणाली. "पायऱ्यांवर, तीन रांगांत."

"आम्ही काय शाळेतली पोरं आहोत?" अध्यक्ष म्हणाले. "फोटो एकच. सगळीकडे तोच."

आठ दिवस ती त्या फोटोशी झगडत बसली. "सरक ना बाबा," असं पडद्याला म्हणायची, डब्यातले चारही मोबाइल पुन्हा ओळीने मांडायची, कपाळाला हात लावायची. मला त्यातलं काही कळत नव्हतं. तरी तिच्याबरोबर माझंही डोकं दुखायला लागलं.

शेवटी तिने मोबाइलपुरते फोटोचे दोन तुकडे केले. डावी अर्धी रांग वर, उजवी खाली. सगळ्यांचे चेहरे ओळखू येत होते. मावशींनी तडकलेल्या काचेवर बोट ठेवलं आणि त्या ओरडल्याच, "ही बगा, मीच हाय की ही!"

अडचण एकच होती. मधोमध उभे असलेले अध्यक्ष आता वरच्या तुकड्याच्या टोकाला गेले होते.

"मी? कडेला?"

"सर, कोणीतरी कडेला असणारच."

अध्यक्षांनी बैठक तिथेच संपवली. निघताना ती मावशींचा मोबाइल मागून घेऊन जिन्यात दहा मिनिटं बसली होती. पुढच्या सोमवारी कंपनीने तिच्या जागी एक मुलगा पाठवला. तो आज्ञाधारक होता, आणि डबा आणला तर त्यात पोहे असायचे. आता मोबाइलवर आमची वेबसाइट उघडली की अध्यक्ष मधोमध दिसतात, आणि त्यांच्या शेजारी प्राचार्यांचा एक कान.

मी तिच्या कंपनीत फोन केला. ती नोकरी सोडून गेली होती. कुठे गेली, ते त्यांना माहीत नव्हतं, आणि तसं सांगतानाचा त्यांचा आवाज सुटका झाल्यासारखा होता.

निरोपसमारंभात अध्यक्षांचं भाषण लांबलं, तेव्हा मावशींनी मला हळूच आपला मोबाइल दाखवला. वॉलपेपरवर त्याच फोटोतल्या मावशी, अंबाड्यापासून चपलेपर्यंत, अगदी मधोमध. मागे कॉलेजच्या नावाची पाटी.

अध्यक्ष त्यात नाहीत. मावशींचा मोबाइल पाच इंची आहे.