आंबील-आक्का

आक्कांना नमस्कार केला तर त्या उलट नमस्कार करत नसत. आधी तोंडाकडं निरखून बघत आणि विचारत, “काय खाऊन आलीस?” चहा-बिस्कीट हे उत्तर त्या धरतच नसत. पिशवीतून डबा निघायचा, पेलाभर आंबील ओतली जायची आणि पेला रिकामा होईपर्यंत पुढचं बोलणं बंद. लातूरच्या ज्या डाळमिलमध्ये त्या डाळ निवडायच्या, तिथं त्यांचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. बायका त्यांना आंबील-आक्का म्हणायच्या.

मी नांदेडची. आमच्या घरी पलंगाखाली वडिलांच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे आणि अक्षरओळख मला त्यांवरच झाली. पुढं स्वतःची पत्रकं लिहायला लागले आणि लातूरच्या एका महिला संघटनेत आले. आक्का मला भेटल्या त्या मिलच्या गेटवर. माझ्या हातातलं पत्रक सांगत होतं, की कामाच्या जागी बाईला त्रास झाला तर तक्रार ऐकायला समिती असलीच पाहिजे. ती नेमणं मालकाची मेहेरबानी नाही, कायदा आहे. आक्कांनी पत्रक घेतलं आणि म्हणाल्या, “हिथं गेटवर कोण थांबतंय ऐकायला? दुपारी जेवायला ये. तवा वाच.”

दुपारी गेले तर गोदामाच्या पत्र्यावर काळ्या पेट्या मांडलेल्या. आत डाळ, भात, शेंगांची आमटी, सगळं उन्हावर शिजत होतं. आक्कांच्या गल्लीतल्या बायका पूर्वी पहाटे उठून चुलीत तुराट्या पेटवायच्या, धुरात खोकत स्वयंपाक करायच्या आणि उशीर झाला की उपाशीच कामावर यायच्या. वडापाववर दिवस काढायच्या. आक्कांनी बचत गटाकडून या पेट्या मिळवल्या, प्रत्येकीला घरून फक्त भाकरी आणायला सांगितली आणि बाकीचं सगळ्यांचं एकत्र. वजनकाट्यावरच्या मुकादमाला हे खपलं नाही. “छप्पर मालकाचं हाय,” तो म्हणाला, “तर त्याच्यावरचं ऊन बी मालकाचंच.”

“आस्सं का,” आक्का म्हणाल्या. “मग मालकाला म्हनाव, सांजच्याला आत घेत जा. उगंच बाहीर पडून ऱ्हातंय.”

खाण्याबद्दल एवढ्या काटेकोर असलेल्या या बाईला मिशरीचं व्यसन होतं. ज्वारी चांगली, मैदा वाईट, हे सांगताना एक बोट हिरड्यांवर फिरत असायचं. त्यांच्या शेजारी डाळ निवडणारी संगीता हसून म्हणायची, “आक्का, ते काय पौष्टिक हाय व्हय?” आक्का बोट काढून म्हणायच्या, “तू माझी सासू हायस का?” आणि पुन्हा बोट तोंडात. मिलमध्ये आक्कांना असं छेडायची हिंमत तिच्या एकटीतच होती.

ती संगीता हळूहळू गप्प झाली. निवडलेली डाळ मोजायला काट्यावर न्यावी लागे. तिथं मुकादम तिचा हात धरायचा, पाटी उचलायच्या निमित्तानं अंगाला अंग लावायचा. तिनं हात झटकला त्या दिवसापासून तिची डाळ “कचरा हाय” म्हणून परत यायला लागली. नवऱ्याला सांगावं तर तो कामच सोडायला लावणार, आणि न सांगावं तर रोज काटा समोर. आक्का मला घेऊन मालकांकडं गेल्या. मालक तसे गोड बोलणारे. “आपलं घरच्यासारखं हाय की सगळं. घरात कुणी कमिटी करतंय का?” असं म्हणून त्यांनी चहा मागवला. आक्कांनी तो घेतला नाही. मी मात्र बाहेर पडता पडताच मनात पुढच्या पत्रकाचा मथळा जुळवत होते.

“पत्रक काढ,” आक्का म्हणाल्या, “पण येळवशीनंतर.”

येळवस म्हणजे आमच्याकडची वेळा अमावस्या. त्या दिवशी शहरं ओस पडतात आणि सगळा मुलूख शेतात जेवायला जातो. ज्याचं शेत, तो येईल त्याला वाढतो. आलेला माणूस उपाशी गेला तर वर्षभर तोंड दाखवायची चोरी. मालकांच्या शेतात दरवर्षी मिलच्या सगळ्या बायकांना बोलावणं असे. त्यांची आई, अव्वा, स्वतः आग्रह करकरून वाढायची.

त्या वर्षीही कडबा उभा करून केलेल्या कोपीतली पूजा झाली. पंगत बसली. मालकांचे पाहुणे, व्यापारी, गावची मंडळी एका बाजूला, मिलच्या बायका दुसऱ्या बाजूला. पत्रावळीवर मिसळभाज्यांची भज्जी आली, बाजरीचे उंडे आले, मातीच्या बिंदग्यातली आंबील पेल्यांत पडली. पाहुण्यांनी घास उचलला. बायकांच्या ओळीत एकही हात हलला नाही.

“जेवा की गं,” अव्वा म्हणाली. “काय कमी पडलं?”

“कायच कमी न्हाई, अव्वा,” आक्का म्हणाल्या. “तुमच्या अन्नावर राग न्हाई आमचा. पर मिलमधी आमच्या पोरीला कुणी धरलं, तर तिनं कुणाकडं जायचं, तेवढं मालकांनी सांगावं. मग जेवू.”

संगीता मान खाली घालून बसली होती. मग तिनं मान वर केली आणि तशीच ठेवली. पाहुण्यांचे हात थांबले. मालक उठून जवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “आक्का, आजच्या दिवशी हे काढायचं व्हय?”

“आज तुमी आमाला हाकलून देणार न्हाईत, मालक. म्हनून आज.”

अव्वानं हातातली पळी भज्जीच्या पातेल्यात ठेवली. लेकाकडं बघून एवढंच म्हणाली, “बायका उपाशी उठल्या तर मी बी उपाशी.” मालक इकडं बघतात, तिकडं बघतात. भज्जीवर साय धरायला लागली. शेवटी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “कमिटी करतो.”

“ह्या पोरीचं पयलं ऐकायचं,” आक्का म्हणाल्या.

“पयलं ऐकतो.”

मग आक्कांनी उंडा मोडला आणि पहिला घास संगीताच्या पत्रावळीवर ठेवला.

समिती झाली. बाहेरची सदस्य म्हणून मला घेतलं. चौकशीत संगीतानंतर आणखी दोघी बोलल्या, आणि मुकादम काट्यावरून आणि मिलमधून गेला. पण हंगाम संपल्यावर नव्या हंगामाचा निरोप सगळ्यांना आला, आक्कांना आला नाही. विचारलं तर “आता वय झालं त्यांचं.” त्यांच्याहून थोरल्या बायका मात्र कामावर होत्या. मी संतापून मिलसमोर बसायचं ठरवलं. आक्कांनी हात धरून खाली बसवलं. “माझ्यासाठी बसशील तर मालक सौदा करंल. आक्काला घेतो, कमिटी मोडा म्हनंल. कमिटी ऱ्हाऊ दे.” हे मला तेव्हा पटलं नाही. आजही पटलेलं नाही. एका बाईची भाकरी घेऊन दुसरीला सुरक्षितता द्यायची, हा कुठला न्याय?

आक्का लोह्याकडं भावाच्या गावी गेल्या. जाताना एक काळी पेटी नेली, बाकीच्या पत्र्यावर ठेवल्या. आता तिकडच्या बायकांना त्या उन्हावर शिजवायला शिकवतात. मिशरी सुटलेली नाही.

यंदाच्या येळवशीला संगीता आणि मी त्यांच्या भावाच्या शेतात गेलो. आक्का वाळल्या होत्या, आवाज तोच. नमस्कार केला तर तोंडाकडं बघत राहिल्या. संगीतानं पेला पुढं केला. आक्कांनी पळी आंबिलीत बुडवली, वर उचलली आणि तशीच हवेत धरली.

“कमिटी बसती का अजून?”

“बसती,” संगीता म्हणाली. “आता मी हाय तिच्यात.”

“कुणी बोलतंय का, का नुसत्याच सह्या करून उठताव?”

“मागल्या बारीला एक नवी पोरगी बोलली. रडली, पर बोलली सगळं.”

“तिला आधी काय खायला दिलंस?”

“आंबील,” संगीता म्हणाली.

आक्कांनी पळी पेल्यात रिती केली. मग पुन्हा बुडवली, आणि पेला सांडेपर्यंत ओतत राहिल्या.