नलिनीचा दाखला

आधी वार, मग माणसे. सोमवारी दहावीचा निकाल लागला. गुरुवारी शाळेने दाखला नाकारला. शुक्रवारी नोटीस गेली. पुढच्या बुधवारी आयटीआयचे प्रवेश बंद झाले. त्यानंतरच्या शनिवारी दाखला हातात पडला. जबाबदार तिघे: शाळेचे मुख्याध्यापक, मुलीचे वडील आणि तिसरा, ज्याच्याकडे मी यथाक्रम येईन. कारखान्यांना कुशल हात हवेत, असे वर्तमानपत्रे रोज छापत होती, त्या नव्वदीच्या दशकातली ही हकीकत आहे.

नलिनी आमच्या गुजराती शहरात, दांडिया बाजारात आमच्या समोर राहत असे. कोणाच्याही घरी गेली की उंबऱ्यावर थांबून, मान तिरकी करून ती आधी छताचा पंखा ऐके, मगच आत येई. "काका, तुमच्या पंख्याचं बेअरिंग रडतंय," हे तिचे माझ्याशी पहिले वाक्य. वय असेल अकरा. मला काही ऐकू येत नाही, असे मी म्हणताच इथल्या गुजराती 'ने'सकट उत्तर आले, "तुम्ही सारखे बोलता ने, म्हणून."

पुढे गल्लीतल्या इस्त्र्या आणि मिक्सर तिच्याकडे येऊ लागले. काढलेले स्क्रू ती ताटलीत निघाले त्याच क्रमाने मांडी. "आलो त्या वाटेनं परत जायचं, म्हणजे हातात काही उरत नाही," असे तिचे शास्त्र होते.

दहावीनंतर इलेक्ट्रिशियनचा कोर्स करायचा, हे तिने ठरवलेलेच होते. वडील म्हणाले, "आपल्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या लेखणी चालली. पाना नाही."

"पणजोबा दरबारी कचेरीत टाक चालवायचे ने, पप्पा? तेही हत्यारच."

वडील हसले, पण तिच्याबरोबर शाळेत गेले नाहीत. ती एकटी गेली. मुख्याध्यापक गरजले, "इतके गुण आणि आयटीआय? मग आमच्या अकरावी सायन्सला कोण येणार? आणि तुला जायचंच असेल तर मुलींना तिथे शिवण आहे ने!" दाखला कपाटातच राहिला.

ती माझ्याकडे आली. माझा जन्म न्यायालयाच्या कचेरीत गेलेला.

"काका, तुम्ही नुसते बरोबर या. त्यांच्यासमोर बसू. उठायचंच नाही. कंटाळून देतील."

"तोंडी विनंतीला पुरावा नसतो, नलिनी," मी म्हणालो आणि रजिस्टर पत्राने नोटीस धाडली. मुदत, पत्र पोचल्यापासून सात दिवस. त्याहून कमी मुदतीची नोटीस मी हयातीत लिहिली नव्हती.

रोज संध्याकाळी ती उंबऱ्यावर येई. "काका, आली पोच?" सोमवारी पोचपावती आली. पत्र शनिवारी मिळाल्याची सही होती. तिने बोटांवर मोजले आणि तिचा चेहरा उतरला. "म्हणजे येता शनिवार. फॉर्म तर बुधवारी बंद होतात, काका."

तरी मी म्हणालो, "नोटिशीची प्रत दाखवू. ते मुदत वाढवतील."

बुधवारी आयटीआयच्या खिडकीवर कारकुनाने ती प्रत आदराने वाचली. "काका, कागळ बहु सारो छे. पण दाखलो ओरिजिनल जोईए." म्हणजे कागद उत्तम, पण दाखला मूळच हवा.

शनिवारी शाळेच्या शिपायाने दाखला घरपोच दिला. माझी नोटीस जिंकली होती. नलिनी अकरावी सायन्सला गेली. पुढच्या वर्षी मी आयटीआयचा विषय काढला, तर वडील म्हणाले, "एक वर्ष झालंय. आता मागे कशाला?" मग बी.एस्सी., मग सुरतेला विम्याच्या कचेरीत नोकरी.

जाण्याच्या दिवशी ती निरोप घ्यायला आली. माझा पंखा महिनाभर किंचाळत होता. मी मुद्दाम दुरुस्त करून घेतला नव्हता. ती उंबऱ्यावर थांबली नाही. सरळ आत आली, वाकली, "येते, काका," म्हणाली आणि गेली. वर तिने पाहिलेही नाही.

मुख्याध्यापकमहाशय, कोणत्या नियमाने आपण तो दाखला अडवला? नलिनीचे वडील, आपण शाळेच्या पायऱ्या का चढला नाहीत? तिसरा जबाबदार मी. माझे उत्तर असे: तिला दाखला हवा होता आणि मला नोटीस लिहायची होती. तुम्हा दोघांचे उत्तर नावानिशी, सहीनिशी, सर्वांना वाचता येईल असे छापून यावे. या वेळी मी सात दिवसांची मुदत देत नाही.