नानांच्या सिनेमातली थप्पड

मारामारीचा सीन असला, की धुळ्याचे नाना आधी मारणाऱ्यालाच मार खायला लावत. ज्याला सीनमध्ये मार खायचा असे, त्यानं समोरच्याच्या एक सणसणीत थोबाडीत द्यायची. मगच कॅमेरा सुरू. "जो मारस, त्यानी पहिले खावानी. मंग त्याले समजस, कितलं लागस." नाना हायवेवर ट्रकचे पाटे दुरुस्त करत आणि वर्षाला एक अहिराणी सिनेमा यूट्यूबवर टाकत. कुऱ्हाडी, रक्त, फुटलेली डोकी.

मी जळगावच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, चारचौघांत न बोलणारी. त्यांच्या फाइट्स मी मोबाइलवर कितीदा पाहिल्या असतील! शेवटी त्यांच्या हाताखाली कॅमेरा शिकायला गेले. सेटवर पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "बठ्ठा मारनाराकडे देखतस. तू खानाराकडे देख."

दोन वर्षांनी त्यांनी मला एक सीन एकटीनं घ्यायला दिला. जामनेरजवळच्या केळीच्या बागेत भाऊ बहिणीला मारतो. बहीण झालेली कल्पना धुळ्यात शिवणकाम करायची; भाऊ झालेला भगवान रिक्षा चालवायचा. नाना डबे आणायला गेले होते, ऊन उतरत होतं. भगवान म्हणाला, "ताई, आज मन्हा गाल सोडा ना, दाढ दुखी राहयनी." सगळे हसले. मीही घाईत नियम सोडला.

त्याचा हात सुटला तो सुटलाच. दुसऱ्या थपडेला कल्पनाचा ओठ फाटला. चौथीला ती चिखलात पडली आणि रक्ताळलेल्या बोटांनी दात चाचपू लागली. "ताई!" तिनं हाक मारली. सीनमध्ये ताई नव्हतीच. मी कॅमेरा आणखी जवळ नेला.

नानांनी आधी तिला दवाखान्यात नेलं, मग फुटेज पाहिलं.

"तुले ऐकू उनं नही का?"

"शॉट चांगला येत होता, नाना."

त्यांनी माझ्यासमोर ते पुसून टाकलं. माझ्या लॅपटॉपवर कॉपी आहे, हे मी सांगितलं नाही.

फिल्म स्कूलच्या अर्जाला मी तोच सीन जोडला. मुलाखतीत एका सरांनी तो दोनदा लावला. "काय अभिनय करून घेतलाय! कसा?"

मी पुढे होऊन सीन थांबवला. मग म्हणाले, "अभिनय नाही, सर. तिला खरंच मारलं. मी थांबवलं नाही."

प्रवेश मिळाला नाही. मी नानांना फोन करून सगळं सांगितलं, कॉपीचंसुद्धा. पलीकडे नुसता घणाचा आवाज. मग तो थांबला.

"तू कल्पनाले सांगं का?"

"नाही."

"मंग मले काय सांगी राहयनी? मार मी खाधा का?" त्यांनी फोन ठेवला.

मी मोबाइलमध्ये कल्पनाचा नंबर शोधला. मी तो कधी घेतलाच नव्हता.