तुटलेल्या लाइनची दहा मिनिटं

माझी बायको मोबाइल कंपनीत बिलं तपासते. तिथं इंटरनेट वेळेवर विकतात; जितकी मिनिटं जोडलेले राहाल तितके पैसे. दर तीन महिन्यांनी ‘बिलं तपासली, बरोबर आहेत’ अशा कागदावर हिची सही लागते. त्याशिवाय तो वर जात नाही. घरातही बाईसाहेब दुधाच्या हिशेबाचा कीस पाडतात, विचारू नका!

एकदा एका म्हाताऱ्या घड्याळजींचं पत्र आलं. ‘नातीशी इंटरनेटवरून वीस मिनिटं बोललो. लाइन चार वेळा तुटली, आणि तासाचं पॅक संपलं. बाकीची चाळीस मिनिटं कुठे गेली?’

“म्हाताऱ्याचं घड्याळ चुकलं असेल,” हिचे साहेब म्हणाले.

“घड्याळजीचं?” असं म्हणून ही घरी आली.

रविवारी हिनं मला इमारतीच्या लिफ्टमध्ये नेलं. दार बंद झालं की रेंज जायची, लाइन तुटायची. ती फोन धरून, मी घड्याळ आणि वही घेऊन. शेजारी विचारतात, काय चाललंय? काय सांगणार, कपाळ!

सोमवारी तिनं माझी वही कंपनीतल्या बिलं करणाऱ्या मशीनच्या नोंदींशी ताडली. लाइन अचानक तुटली की मशीन दहा मिनिटं वाट बघायचं आणि ती गिऱ्हाइकाच्या माथी मारायचं. दर वेळी.

“दुरुस्ती होईल सावकाश. तू आत्ता सही कर,” साहेब म्हणाले. “पुढच्या महिन्यात विभागप्रमुख व्हायचंय ना?”

खरं सांगतो, मीही म्हणालो, “कर की सही! तुझ्या बापाचं काय जातंय?”

“खोट्यावर सही कशी करू हो?”

नाहीच केली. कागद अडला, वरून फोनावर फोन आले. पंधरा दिवसांत मशीन दुरुस्त झालं. घड्याळजींना चाळीस मिनिटं परत मिळाली, त्यांच्यासारख्या हजारोंनाही. आणि विभागप्रमुख झाली हिच्या शेजारच्या टेबलावरची.

मी भडकलो. “तोंडाला पानं पुसली तुझ्या! जाब विचार त्यांना!”

ही भाजी निवडत होती. हात थांबले, डोळे भरून आले.

“मला हवं होतं हो ते पद,” म्हणाली. “बारा वर्षं वाट बघितली होती.”

मी तिच्या शेजारी बसलो आणि उरलेली भाजी निवडायला घेतली.