घाट पूर्ण होईपर्यंत

आमच्या ह्यांच्याबरोबर संसार करायचा तर डोक्यावर बर्फ आणि तोंडाला कुलूप ठेवावं लागतं. पहिलं मला जेमतेम जमतं. दुसरं मला जन्मात जमणार नाही.

हे दातांच्या कवळ्या बनवतात. डॉक्टर जबड्याचं माप पाठवतात आणि हे कारखान्यात बसून त्यावर दात रचतात. हात सोन्याचा आहे, त्याबद्दल बोलायचं काम नाही. पण एक खोड आहे. काम पूर्ण झाल्याशिवाय ते कुणाला दाखवायचं नाही. म्हणतात, "पेशंटनं मेणात रचलेले दात एकदा आरशात बघितले ना, की त्याच्या मनात अढी बसते. मग कवळी कितीही झकास होऊ दे, ती त्याला बोचतेच." बोचू दे बापडी, कारखान्यात करा काय करायचं ते. पण हाच नियम त्यांनी स्वतःच्या बापाला लावला, तिथं माझं डोकं फिरलं.

बाबा, म्हणजे माझे सासरे, रेल्वेत इंजिन चालवायचे. बहुतेक सगळी नोकरी एकाच घाटात वर-खाली करण्यात गेली. निवृत्त झाले तरी जेवताना, दाढी करताना, औषध घेताना घाटच. म्हणून ह्यांनी ठरवलं, की मागच्या खोलीत तोच घाट छोटा करून उभा करायचा. रूळ, पूल, बोगदा, वरचं स्टेशन आणि खरोखरची चालणारी गाडी. मलाही कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? ते कौतुक माझी चहाची गाळणी नाहीशी झाली त्या दिवशी संपलं. लाकडाचा भुसा हिरवा रंगवून त्यातून चाळला की गवत होतं म्हणे. मग भांड्यांच्या घासण्या जायला लागल्या.

"अगं, झुडपं त्याचीच छान होतात."

"आणि भांडी कशानं घासू? तुमच्या झुडपांनी?"

हे उठले. आत गेले आणि कडी लावली. बाहेर जाताना खोलीला कुलूप, किल्ली खिशात. बाबा रोज संध्याकाळी दाराशी उभे राहून विचारायचे, "कुठवर आली रे गाडी?" आतून आवाज यायचा, "थांबा बाबा, अजून बरंच बाकी आहे."

त्यातच बाबांच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. डावा डोळा तर केव्हाच गेला होता, आणि उजवाही फार दिवसांचा सोबती नाही, असं डॉक्टरांनी मला आणि ह्यांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. "जे दाखवायचं ते आत्ताच दाखवून घ्या," म्हणाले. घरी येईपर्यंत मी गप्प राहिले, हेच खूप झालं.

"आजच उघडा ती खोली," चपला काढता काढता मी म्हटलं.

"अगं, रंग नाही, झाडं नाहीत, पुलाच्या पुढे रूळसुद्धा नाहीत. असं उघडंवाघडं दाखवू? एवढा घाट ओळखणारा माणूस तो. काय वाटेल त्यांना?"

"आणि दिसेनासं झाल्यावर दाखवाल तेव्हा काय वाटेल?"

"डॉक्टर वाढवून सांगतात. औषध चालू आहे ना?"

भिंतीवर डोकं आपटावं असं वाटलं. कुणाचं, ते सांगत नाही. वाईट हेतू असता तर भांडता तरी आलं असतं. ह्या माणसाचा जीव होता बापावर, आणि त्या जिवापायीच हा त्याला दाराबाहेर उभं करत होता.

मग एकदा धुवायला टाकलेल्या पँटच्या खिशात मला किल्ली सापडली. हे कारखान्यात. मी हात पुसले, बाबांना उठवलं आणि मागच्या खोलीत नेलं.

आत खरोखरच पसारा होता. जबड्याचे साचे ज्याचे ओततात त्याच गुलाबी प्लास्टरचे डोंगर. वर लोंबणाऱ्या वायरी, गवत-झुडपं अजून डब्यातच. स्टेशन म्हणजे नुसता पुठ्ठा. बाबांनी भिंग उजव्या डोळ्याला लावलं आणि रुळांवर वाकले. बोट फिरवत एका वळणाशी आले. मग म्हणाले, "अगं, हे वळण बघ! इथं माझा हात आपोआप ब्रेकवर जायचा." बटण फिरवलं, गाडी निघाली, पुलाशी थांबली. पुढे रूळच नव्हते. त्यांनी ती मागे आणली, परत नेली, परत मागे. दुपारभर तेच. चहा निवला तरी हात लावला नाही. हसत होते, एकटेच.

बाहेर पडताना म्हणाले, "पोरी, त्याला सांगू नकोस. हिरमुसेल."

कुलूप लावून किल्ली मी ह्यांच्या हत्यारांच्या पेटीवर ठेवली. चौकशीसुद्धा झाली नाही.

घाट पूर्ण व्हायला पुढे किती वेळ गेला ते विचारू नका. एकेक झाड चिमट्यानं लावायचे हे! तोवर बाबांचा उजवा डोळाही गेला. पण त्यांनी ते पोराला कळू दिलं नाही. दिवा कुठे आहे एवढं जाणवायचं, त्यावर घरात निभावून न्यायचे. मी सांगायला तोंड उघडलं की हात दाबायचे.

शेवटी एके रविवारी खोली उघडली. मान्य करते, मी थक्क झाले. अख्खा घाट हिरवागार, झाडी दाट, स्टेशनवर दिवे, पुलावरून पार पलीकडे जाणारी गाडी. हे लहान पोरासारखे बापाच्या तोंडाकडे बघत होते.

"कसं झालंय बाबा?"

बाबांनी मान पुढे केली, भिंगसुद्धा लावलं. "वा! काय केलंस रे! तो गुलाबी डोंगर काय शोभतोय. आणि पुलाशी रूळ संपवलेस, तेही बरं. तिथून गाडी मागे आणायला मजा येते."

गाडी घरघरत होती. ती पुलावरून केव्हाच पुढे गेली होती. ह्यांनी बापाच्या डोळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कधी दाखवलंस?"

"दिसत होतं तेव्हा," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मला रडूही येत होतं.

हे स्टुलावर बसले. "बाबा, तेव्हा काहीच नव्हतं हो. सगळं अर्धवट होतं."

बाबांनी चाचपत त्यांचा खांदा शोधला. "असेल रे. मला कुठे माहीत होतं काय बाकी आहे? मला तर ते पूर्णच वाटलं होतं."