अक्काची बाय-टू कॉफी

मी जळायची. आडून आडून कशाला सांगू, चांगली धुमसायची. आणि कशावरून, तर अर्ध्या कॉफीवरून.

बंगळूरच्या राजाजीनगरात टेलिफोनचे बोर्ड जोडायचा एक कारखाना होता. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं, घरोघरी टेलिफोन यायला लागले होते आणि आम्हाला मान वर करायला फुरसत नव्हती. जोडणीच्या दोन लाइनी होत्या. एकीवर मी सुपरवायझर, दुसरीवर ती. दोघींच्या हाताखाली सगळ्या मुलीच. मी पुण्याहून इंजिनिअर होऊन आलेली, ती इथलाच डिप्लोमा केलेली. तिचं घराणं मराठीच, पण पिढ्यान् पिढ्या बंगळूरात मुरलेलं. घरात मराठी बोलायचे, पण कसली मराठी! 'जरा'ला 'स्वल्प', 'बरं'ला 'सरी'. "स्वल्प सरक की ग," "सरी, बघू या मग." पहिल्याच दिवशी तिनं मला अगं-तुगं सुरू केलं, मी मात्र अहो-जाहो करत राहिले. सगळा कारखाना तिला अक्का म्हणायचा, मॅनेजरसुद्धा. मला सगळे मॅडम म्हणायचे. माझ्या पोटात दुखायला तिथूनच सुरुवात झाली.

बरं, अक्का काही संत नव्हती हं. सकाळी उशिरा यायची, अबोलीची वेणी सावरत गप्पा छाटायची, रिपोर्ट तर जन्मात वेळेवर द्यायची नाही. तरी तिच्या लाइनीवरच्या मुली तिच्याशी हसून-खिदळून बोलायच्या आणि मी गेले की माझ्या मुलींची तोंडं बंद. मला वाटायचं, काय जादू करते ही बया?

मग लक्षात आलं. गेटसमोर उभ्यानं खायचं-प्यायचं एक हॉटेल होतं. बंगळूरात दोघं मिळून एकच कॉफी मागवतात आणि हॉटेलवाला ती दोन पेल्यांत अर्धी-अर्धी ओतून देतो. त्याला म्हणतात बाय-टू. मोठेमोठे लोकही मागतात, कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. अक्का सुट्टीत रोज एका मुलीला हाक मारायची, "चल ग, बाय-टू?" आणि दोघी कोपऱ्यातल्या टेबलाशी टेकून बोलत राहायच्या. मी मनात म्हणायची, मेली किती चिक्कू, हाताखालच्या पोरीला पुरती एक कॉफी पाजत नाही! आणि म्हणता म्हणता वाट बघायची, मला कधी विचारते याची. ती मला कधी विचारायची नाही. मॅडमना बाय-टू कसं विचारणार, असं तिला वाटत असेल. मला मात्र वाटायचं, मुद्दाम टाळते.

त्यातच मॅनेजरनी सांगितलं, शहराबाहेर येलहंक्याला नवी शाखा निघणार, तिथं एक इन्चार्ज लागणार, दोघींपैकी एकीला पाठवू, दसऱ्यानंतर कळवतो. झालं! मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की रात्री जेवण जाईना. पुण्यात भावाला मोठ्या हुद्द्याची नोकरी लागली होती, आणि आई प्रत्येक फोनवर त्याचंच पुराण लावायची.

मॅनेजरनी दोघींना एका हॉटेलात एक दिवसाच्या शिबिराला धाडलं, चांगलं नेतृत्व कसं करावं ते शिकायला. कोट घातलेला एक माणूस सांगत होता, चूक चारचौघांत दाखवू नका, एकांतात सांगा, आधी दोन गोड शब्द बोला. मी शब्दन् शब्द पाठ केला. अक्का बाजूला पेंगत होती, जेवणाच्या वेळी बरोबर जागी झाली.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. ज्या मुलीचं काही चुकलं असेल तिला समोरच्या हॉटेलात न्यायची, एक अख्खी कॉफी आणि वर मसाला डोसा घेऊन द्यायची, दोन गोड शब्द बोलायची आणि मग चूक सांगायची. अक्काच्या अर्ध्या कॉफीपुढे माझी अख्खी! मुली मान खाली घालून डोसा संपवायच्या आणि "थँक्स मॅडम" म्हणून पळायच्या. काही दिवसांनी कानावर आलं की माझ्या लाइनीवर सकाळी सकाळी एकमेकींना विचारतात, "आज कुणाची फुल्ल कॉफी?" म्हणजे आज कुणाला बोलणी बसणार. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. डोसे चारून ही परतफेड!

दसरा आला. इकडे नवमीला आयुधपूजा, कारखान्यात तर दिवाळीपेक्षा मोठी. मशीन पुसायची, केळीचे खांब बांधायचे, बोर्डावर भाग डाखायच्या सोल्डरिंगच्या इस्त्र्या मांडून त्यांना कुंकू लावायचं. एकदा कुंकू लागलं की दुसऱ्या दिवसापर्यंत हत्याराला कुणी हात लावत नाही. त्यामुळे सगळा माल पूजेआधी बाहेर पडायला हवा होता. माझे बोर्ड खोक्यांत भरून तयार होते. सकाळपासून मी फुशारकीनं हिंडत होते, कारण अक्काचा माल जोडून झालेला, पण खोक्यांत भरायचा राहून अजून टेबलावरच पसरला होता.

ती माझ्याजवळ आली नि हळूच म्हणाली, "स्वल्प बाजूला ये ग." जिन्याखाली नेऊन तिनं सांगितलं, माझ्या लाइनीवर डायोड उलटे बसलेत. डायोड म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा भाग, त्याच्या एका टोकाला पट्टी असते, ती ठरल्या बाजूलाच यावी लागते. तो उलटा बसला तर आमच्या तपासणीत बोर्ड निभावून जायचा आणि गिऱ्हाइकाकडे थोड्याच दिवसांत बंद पडायचा.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्याच मुलीनं."

माझ्या मुलीनं! मला नाही, हिला! चूक राहिली बाजूला, माझ्या डोक्यात तेवढंच घणघणत होतं. मी ओरडले, "कोणी केलं हे? नाव सांगा."

"नाव घेऊन काय लोणचं घालतेस? कधीपासून ते विचार ना!" ती म्हणाली. "परवा जेवणानंतर डायोडची नवीन पाकिटं उघडली, तेव्हापासून. तेवढेच बोर्ड काढ. बाकीची खोकी चांगली आहेत."

मी 'कोणी' विचारत बसले असते तर सगळी खोकी फोडावी लागली असती आणि माल राहिला असता. 'कधीपासून' म्हटल्याबरोबर काम मूठभर झालं. तिच्या मुली इस्त्र्या पुसून पूजेला मांडत होत्या. ती ओरडली, "कुंकू थांबवा ग!" आणि स्वतःचा अर्धा माल तसाच टाकून तिची लाइन माझे बोर्ड दुरुस्त करायला बसली. माझा माल वेळेवर गेला. तिचा राहिला.

आभार मानायचे सोडून मी दिवसभर एकच विचार करत होते, ही आता मॅनेजरला सांगणार. कोण सोडेल अशी संधी? मी नसती सोडली.

दसऱ्यानंतर मॅनेजरनी मला बोलावलं. माझे रिपोर्ट चोख, माल वेळेवर, जागा माझी. मी केबिनमधून तरंगत बाहेर आले. माझ्या लाइनीसमोर उभी राहून विचारलं, "येलहंक्याला कोण कोण येणार?" एकही हात वर झाला नाही. बस दूर पडते, घरी विचारावं लागेल, असली कारणं. सगळ्यांच्या नजरा पलीकडच्या लाइनीकडे. तेव्हा अक्कानं तिथूनच कानडीत हाक दिली, "जावा ग, मॅडम चांगल्या आहेत. रागावतात, पण डूख धरत नाहीत." भराभर हात वर झाले. तिनं सांगितलं म्हणून माझी माणसं माझ्यामागून आली. खुर्ची मिळालेल्या दिवशी मी जेवढी जळले तेवढी आधी कधी जळले नव्हते.

येलहंक्यात कुणी चूक सांगायला आली की मी जीभ चावून आधी 'कधीपासून?' विचारायची. हळूहळू मुली सांगायला लागल्या. डोसे बंद केले. बाय-टू मागायला शिकले. सगळं तिचंच, उचललेलं.

काही महिन्यांनी तिच्या नात्यातलं लग्न तिकडे होतं, म्हणून रेशमी साडीत ती शाखेत डोकावली. मुली लाइन सोडून दाराशी धावल्या. मग तिनं मला विचारलं, "चल ग, बाय-टू?" इतक्या दिवसांनी!

हॉटेलात उभ्या उभ्या मी विचारलं, "अक्का, तुम्हाला ही जागा नको होती का?"

"अय्यो, हवी होती की! का नको?"

"मग डायोडचं मॅनेजरना का नाही सांगितलं?"

"पोरगी विश्वासानं माझ्याजवळ बोलली. मी ते वर चढायला वापरलं, तर उद्या परत कोण बोलेल माझ्याशी?"

हॉटेलवाल्यानं दोन पेले पुढे ठेवले. त्याचा हात जरा हलला असावा. सवयीप्रमाणे माझी नजर गेलीच, कुणाच्यात जास्त आहे ते बघायला. तिनंही पाहिलं, आणि जास्त भरलेला पेला माझ्याकडे सरकवला. मला तिचा भयंकर राग आला. पण कॉफी मी सगळी प्यायले.